दसऱ्याआधी बॉनेट उघडा: इंजिनची घरच्या घरी साफसफाई आणि देखभाल

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या आळीत दारोदार गाड्या धुतल्या जातात. टायर घासून काळेभोर होतात, काचा लख्ख होतात, झेंडूची माळ लागते, चाकाखाली लिंबू जातं. बॉनेट मात्र फारसं कुणी उघडत नाही. चार महिने कोकणच्या पावसात चाललेल्या गाडीत सगळ्यात जास्त घाण साठलेली असते ती नेमकी तिथंच. जांभ्याची लाल माती, कुजलेली पानं, बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट खरपुडी आणि कधीकधी उंदराचं घरटंसुद्धा.

मी चिपळूणला राहते. महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जावं लागतं. गाडी साधी, पेट्रोलवर चालणारी, छोटी. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिचं इंजिन मी स्वतः साफ करते. तीन वर्षांपूर्वी असंच सगळं पुसून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या वरच्या होज पाइपच्या तोंडाशी, क्लिपच्या खालून, दोराएवढी बारीक गुलाबी रेघ उतरलेली दिसली. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, गळत होतं. आदल्या दिवशीपर्यंत तो सगळा भाग मातीनं माखलेला होता. त्या लाल चिखलात ती रेघ मला कधीच दिसली नसती. एक क्लिप बदलून काम भागलं. तीच गळती घाटात वाढली असती तर इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली सील, गेलं असतं, आणि तो खर्च हजारांच्या घरात जातो.

तेव्हापासून मी इंजिन पुसते ते त्यावर नवीन काय उमटतंय हे दिसावं म्हणून. शोरूमसारखी चमक आली नाही तरी मला चालतं. पुढची सगळी पद्धत त्याच हिशेबाची आहे.

आधी हे बघा

पुराचं पाणी बॉनेटपर्यंत चढलेल्या गाडीला यातलं काहीही लागू नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या गावात हे फार जवळून पाहिलं. पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू तरी" म्हणून चावी फिरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी चालू न करता ओढूनच गॅरेजला न्यायची.

हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी केबल दिसतात. त्यांच्यातून जीवघेण्या दाबाची वीज जाते. त्या केबल आणि त्या जिथे शिरतात त्या पेट्या, दोन्हींना हात लावायचा नाही. अशा गाडीत वरवर कोरडं पुसण्यापलीकडे घरी काही करू नये. सीएनजीची गाडी असेल आणि बॉनेट उघडताच गॅसचा वास आला, तर काम तिथेच थांबवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाला बोलवा.

डिझेल वॉश नको, प्रेशरचा फवाराही नको

आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी इंजिनवर डिझेल नाहीतर रॉकेल मारून ते "काळंभोर" करून देतात. दिसायला दोन दिवस छान दिसतं. पण कुलंटचे होज पाइप ज्या रबराचे असतात, त्याला पाणी आणि उष्णता चालते, पेट्रोलियमचं तेल चालत नाही. ते तेल पिऊन फुगतं, मऊ पडतं, मग क्लिपपाशी सैल होतं. शिवाय तेलाचा जो पातळ थर मागे राहतो त्यावर धूळ दुप्पट बसते, आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ ज्वलनशील पदार्थ राहतो तो वेगळाच धोका. खोबरेल तेल लावून प्लास्टिक चमकवण्याचंही तेच.

प्रेशरच्या फवाऱ्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका वॉशिंग सेंटरवर "मॅडम, इंजिन पण मारून देतो" म्हणाले, मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू झाली, पण थरथरत, मिसिंग करत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. आमच्या मेस्त्रींनी वरचं कव्हर काढून इग्निशन कॉइल उपसली तर स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी. कापडाच्या सुरळीनं त्यांनी ते टिपून घेतलं, कॉइल उन्हात वाळवली, गाडी सुरळीत झाली. एक कॉइल मात्र महिनाभरात गेली.

पावसात रस्त्यावरचं पाणी उडतं तेव्हा इंजिनला काही होत नाही, मग फवाऱ्यानंच का व्हावं, असं अनेकांना वाटतं. खालून उडणारं पाणी शिंतोड्यांच्या स्वरूपात येतं, आणि कपलरमधली, म्हणजे वायरींच्या जोडातली, रबरी सील तेवढं सहज थोपवते. घरगुती प्रेशर वॉशरसुद्धा १०० बारच्या आसपास दाब देतो. हातभर अंतरावरून तो दाब कपलरवर पडला की पाणी सीलच्या आत शिरतं, आणि आत शिरलेलं पाणी तीच सील बाहेर पडू देत नाही. मग आतल्या पिना हळूहळू हिरव्या पडतात. बिघाड कधी दुसऱ्या दिवशी दिसतो, कधी चार महिन्यांनी, तेव्हा धुण्याशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मी सगळं काम दोन लिटर पाण्यात करते. पाणी थेट इंजिनवर कधीच ओतत नाही.

लागणारं सामान

१० नंबरचा पाना (बहुतेक छोट्या गाड्यांच्या बॅटरीच्या टोकांना हाच लागतो). रंगाचा एक इंची ब्रश आणि दोन जुने टूथब्रश. फवाऱ्याच्या दोन बाटल्या. मायक्रोफायबरची चार फडकी किंवा जुन्या बनियनचे तुकडे; कॉटन वेस्ट घेऊ नका, त्याचे धागे क्लिपांमध्ये अडकून बसतात. पाण्यात मिसळणारा डिग्रीजर (तेलकट चिकटा सोडवणारा द्राव), नसेल तर गाडी धुण्याचा शाम्पू. खायचा सोडा, थोडं पेट्रोलियम जेली, रबरी हातमोजे, चष्मा, प्लास्टिकच्या पिशव्या, रबर बँड आणि टॉर्च.

रंगाच्या ब्रशला केसांच्या वर पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर आधी इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. ती पट्टी रंगावर ओरखडे काढते, आणि बॅटरीपाशी चुकून दोन टोकांना टेकली तर ठिणगी उडते.

धुण्याचा सोडा, कॉस्टिक, संडास साफ करण्याचं ॲसिड यातलं काहीही इंजिनजवळ आणू नका. इंजिनचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा असतो. तीव्र क्षार असो वा आम्ल, ॲल्युमिनियमला दोन्ही खातात. आधी पांढुरके डाग येतात आणि ते परत जात नाहीत.

आधी सगळं कोरडं झाडून घ्या

गाडी रात्रभर उभी असलेली, पूर्ण गार हवी. गरम इंजिनवर क्लीनर पडल्या पडल्या सुकतो आणि डाग धरतो. गार पाण्यानं तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा जाण्याचीही भीती असते. सावलीत, सपाट जागी, हँडब्रेक लावून गाडी उभी करा. चावी खिशात न ठेवता घरात ठेवा. मग बॉनेट उघडून मोबाइलवर सात-आठ फोटो काढा, वरून, डावीकडून, उजवीकडून. कुठला पाइप कुठे होता, कुठला कपलर कसा बसला होता, हे नंतर आठवणीवर सोडू नये.

उंदराचं घरटं किंवा लेंड्या दिसल्या तर ती जागा कोरडी झाडू नका, आधी खालचा 'उंदीर' हा भाग वाचा. बाकी ठिकाणी पहिला तासभर पाण्याला हातच लावायचा नाही. जांभ्याची माती कोरडी असेल तर ब्रशनं भुरभुर झडते; तिच्यावर आधी पाणी मारलं तर तिचा लगदा होतो आणि तो कपलरांच्या फटीत जाऊन बसतो. मराठवाड्यातल्या काळ्या मातीचं तर आणखी कठीण, ती भिजली की चिकणमातीसारखी धरून बसते. वरून खाली या क्रमानं ब्रश फिरवा, एका हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी असेल तर उत्तम.

वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी, प्लास्टिकची जाळी असते. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आमच्या गाडीवर आंब्याचं झाड आहे. पावसाळ्यात त्या जाळीखाली आंब्याची पानं, मोहराच्या वाळक्या काड्या आणि माती यांचा चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा साठतो. एकदा तर त्यातून पिंपळाचं दोन पानांचं रोप वर आलेलं होतं. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी याच खाचेत येतं आणि दोन्ही टोकांना असलेल्या भोकांतून खाली जातं. ती भोकं बुजली की खाचेत तळं होतं, आणि ते पाणी हवेच्या वाटेनं एसीच्या ब्लोअरमध्ये किंवा पायाखालच्या गालिच्यात उतरतं. डाव्या बाजूचा गालिचा सतत ओला, काचांवर आतून धुकं, एसी लावला की कुबट वास, अशी तक्रार असेल तर एसीवाल्याकडे जाण्याआधी ही भोकं बघा. हातानं लगदा काढा, मऊ प्लास्टिकची नळी भोकातून हळूच फिरवा, मग तांब्याभर पाणी खाचेत सोडा. पुढच्या चाकामागे ते लगेच खाली पडलं पाहिजे.

बॅटरी

बॅटरीची टोकं सोडवताना क्रम पाठ असू द्या. काढताना आधी काळी, म्हणजे वजा चिन्हाची, मग लाल. लावताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळी. गाडीचा सगळा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो. काळी जोडलेली असताना लाल टोकावर पाना लावला आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होण्याइतका तापतो. काळी आधी निघाली की हा धोकाच उरत नाही. शिवाय गाडी बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, तीही भीती जाते. काळी केबल काढून कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. काही गाड्यांत स्टीरिओ कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा. घड्याळ आणि काचांची ऑटो सोय नंतर पुन्हा जुळवावी लागते.

टोकांवरची पांढरी भुकटी म्हणजे लेड सल्फेट, निळसर-हिरवी असेल तर तांब्याचं सल्फेट. बॅटरीतल्या गंधकाम्लाच्या वाफेनं ती धरते, आणि आमच्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत फार लवकर धरते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा. टूथब्रशनं टोकांवर थोडा थोडा लावा. फसफसून फेस येतो. फेस यायचा थांबला की आम्ल संपलं असं समजा. बॅटरीला वर बूच असतील तर ते घट्ट आहेत ना हे आधी बघा, सोड्याचं पाणी आत गेलं तर बॅटरी बिघडते. मग ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, टोकं पक्की बसवा. हातानं पिळून टोक जराही हलता कामा नये. पेट्रोलियम जेलीचा पातळ हात बसवून झाल्यावर बाहेरून द्यायचा, आत नाही. प्रत्यक्षात टोकं जोडायची ती सगळं काम आटोपल्यावर.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. दसऱ्याला काही जण उघड्या बॉनेटमध्ये हळद-कुंकू वाहून उदबत्ती खोचतात. पूजा मनापासून करा, पण उदबत्ती आणि निरांजन गाडीपासून चार हात लांब ठेवा. हळद-कुंकूही बॅटरीच्या टोकांवर नको, ओलसर कुंकवातून वीज झिरपते.

मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो, एक घरात असावाच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक आहे. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मधूनमधून कमी करतो, म्हणून एकदाच बघून घाबरू नका.

बॅटरीची काळी केबल पत्र्याला जिथे बोल्टनं बसवलेली असते, ती जागाही बघा. तिथे गंज धरला की दिवे मंद होणं, स्टार्टरची नुसती टिकटिक, कारण नसताना पेटणारे इशारे, असे हाती न लागणारे त्रास सुरू होतात. बोल्ट सोडून वायरब्रशनं पत्रा लख्ख करा, परत घट्ट बसवा, वरून जेली लावा.

झाका, फवारा, घासा, पुसा

आता झाकायचं. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयूची (इंजिनच्या संगणकाची) पेटी, इग्निशन कॉइल आणि हवा आत घेणारं एअर फिल्टरचं तोंड, या पाच जागा पिशवी आणि रबर बँडनं बंद करा. आपण पाणी ओतणार नाही, तरी फवाऱ्याचा शिंतोडा चुकून जातोच. किती पिशव्या लावल्या ते मोजून कागदावर लिहा. एअर फिल्टरच्या तोंडाची पिशवी विसरून गाडी चालू करणं परवडत नाही.

डिग्रीजर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ करा. मी एकास दहा घेते, चिकटा फार असेल तर एकास पाच. एका वेळी हातभर जागाच घ्यायची. फवारा थेट इंजिनवर न मारता ब्रशवर किंवा फडक्यावर मारा, आणि ब्रशनं लावत जा. तीन-चार मिनिटं मुरू द्या, सुकू मात्र देऊ नका. टूथब्रशनं घासा, ओल्या पिळलेल्या फडक्यानं उचलून घ्या, लगेच कोरड्या फडक्यानं पुसा. मग पुढची जागा. सुरुवात बॉनेटच्या आतल्या पत्र्यापासून करा, नंतर बाजूच्या कडा, प्लास्टिकची कव्हरं, टाक्या, आणि सगळ्यात शेवटी इंजिनचा धातूचा भाग. तेलकट फडकं टाक्यांवर फिरवू नये, म्हणून हा क्रम.

दोन जागा वगळा. इंजिनच्या कडेला असलेल्या रबरी बेल्टवर काहीही लावायचं नाही: डिग्रीजर नाही, पॉलिश नाही, आणि आवाज करतो म्हणून साबण किंवा तेल तर मुळीच नाही. टॉर्च मारून त्याच्या आतल्या रेषा बघा. भेगा असतील, कडेचे धागे सुटले असतील किंवा एक बाजू चकाकत असेल तर बदलायला द्या. दुसरी जागा पिवळ्या आवरणाच्या वायरींची, त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. त्याच्या पातळ पापुद्र्यांत किडे, धूळ आणि गेल्या दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या असतात. पापुद्रे ज्या दिशेला उभे आहेत त्याच दिशेनं मऊ ब्रश फिरवा. आडवा फिरवला तर ते दुमडतात आणि हवेची वाट बंद होते. या एका जागी बागेच्या नळीचं साधं पाणी चालतं, तेही हलक्या धारेनं. आणि हो, झेंडूची जाड माळ ग्रिलवर बांधून घाट चढू नका. पूजेनंतर ती बंपरच्या वर, हवेच्या वाटेबाहेर सरकवा.

एअर फिल्टरची पेटी क्लिपा सोडून उघडा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, तो हलकेच आपटून झटकायचा, आणि हवा मारायची तर स्वच्छ बाजूनं मळक्या बाजूकडे. उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर किंवा उन्हाळ्यात विदर्भात रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच बदलावा लागतो.

उंदीर

गेल्या वर्षी फिल्टरच्या पेटीवर मला मूठभर काथ्या, बॉनेटच्या आतल्या गादीचा ओरबाडलेला कापूस आणि भुईमुगाची टरफलं सापडली. बाजूच्या वायरीवर बारीक दातांच्या दोन समांतर रेघा होत्या, आतलं तांबं अजून दिसत नव्हतं. पावसात उंदराला कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि संध्याकाळी घरी आलेल्या गाडीचं इंजिन तासन् तास ऊब देत राहतं.

घरटं किंवा लेंड्या दिसल्या तर आधी हातमोजे आणि मास्क. कोरडं झाडायचं नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि महाराष्ट्रात पावसाळ्यात या आजारानं माणसं दगावतात. हातावर साधी चीर असली तरी जंतू आत जातात. आधी वायरी आणि कपलर नीट झाकून जंतुनाशकाच्या पाण्यानं ती जागा भिजवा, दहा मिनिटांनी कागदानं उचला, दोन पिशव्यांत बांधून टाका, मग हात साबणानं स्वच्छ धुवा. नंतरच्या काही दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना उंदराचा संबंध आवर्जून सांगा.

कुरतडलेल्या वायरीला साधी इन्सुलेशन टेप गुंडाळून थांबू नका. इंजिनच्या उष्णतेनं तिचा गोंद वितळतो आणि टेप सरकते. तांबं दिसत असेल तर मेस्त्रींकडून जोड करून हीट श्रिंक नळी चढवून घ्या.

उपाय म्हणून लोक डांबराच्या गोळ्या ठेवतात. मी ठेवत नाही, कारण केबिनची हवा वायपरखालच्या त्याच जाळीतून येते आणि तो वास तासभर आपल्याच नाकात जातो. तंबाखूची पानं बांधून पाहिली, आठवडाभर फरक वाटला, मग उंदीर सरावले. खरा उपयोग झाला तो तीन गोष्टींचा. गाडीजवळची कचऱ्याची बादली आणि कोंबड्यांचं खाद्य हलवलं. हवेच्या वाटांवर आणि जाळीखाली बारीक तारेची जाळी बसवली. बंद अंगणात रात्री बॉनेट फूटभर उघडं ठेवलं, त्यामुळे ऊब आणि अंधार दोन्ही गेले. बॉनेटखाली दिवा असेल तर तो बंद राहतोय याची खात्री करा. सकाळी चालू करण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारायची सवयही लावून घ्या. कधी आत मांजरसुद्धा बसलेलं असतं.

पातळ्या आणि गळती

सगळं पुसून झालं की टॉर्च घेऊन बसा. साफसफाई केली ती या अर्ध्या तासासाठी.

तेल सपाट जागेवर, गार इंजिनवर बघावं. डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणं हेही नुकसानीचंच आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच गाडी फिरत असेल तर आतल्या बाष्पामुळे तो येतो, आणि एकदा तासभर लांब चालवली की जातो. पण डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ असेल आणि कुलंट कमी झालेलं असेल, तर कुलंट तेलात शिरत असण्याची शक्यता असते, गाडी हलवू नका.

कुलंट फक्त बाहेरच्या टाकीवर, किमान आणि कमाल या खुणांमध्ये बघा. गरम असताना झाकण कधीही उघडायचं नाही, आत दाबाखाली शंभर अंशांहून जास्त तापलेलं पाणी असतं, ते चेहऱ्यावर येतं. भर घालायची तर आधीचं जे आहे तेच. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असं नसतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. सांडलेलं कुलंट लगेच पुसा. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यातलं ग्लायकॉल त्यांच्या जिवावर बेततं.

ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली की बरेच जण लगेच भर घालतात. बहुतेक वेळा ती हळूहळू उतरते कारण ब्रेकचे पॅड झिजलेले असतात. आधी पॅड बघायला सांगा. पातळी अचानक उतरली असेल तर गळती आहे, तशी गाडी चालवू नका. हे ऑइल हवेतली वाफ शोषतं, म्हणून झाकण उगाच उघडू नये, आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवावं, ते रंग उचकटतं.

तेलाची गळती शोधताना सगळ्यात ओली जागा नव्हे, सगळ्यात वरची ओली जागा शोधा. तेल खाली उतरतं आणि वाऱ्यानं मागे पसरतं, त्यामुळे खालचं तेलाचं चेंबर माखलेलं असलं तरी झिरपतं ते अनेकदा वरच्या टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून. सगळं स्वच्छ पुसून दोन-तीन दिवस गाडी चालवा, मग परत टॉर्च मारा. मूळ जागा आपोआप कळते, आणि मेस्त्रींना "इथून गळतंय" असं बोट ठेवून सांगता येतं. होज पाइप गार असताना बोटांनी दाबून बघा. लवचीक हवेत, दगडासारखे कडक झालेले, भेगाळलेले किंवा तोंडाशी फुगलेले बदला.

वाळवणं आणि चालू करणं

बॉनेट उघडं ठेवून दोन-तीन तास सावलीच्या वाऱ्यात वाळू द्या. घाई असेल तर हेअर ड्रायर, तोही गार हवेवर, कपलरांच्या फटींतून फिरवा. मग पिशव्या मोजून काढा, आकडा कागदाशी जुळवा, पाने-फडकी मोजा. एअर फिल्टरच्या सगळ्या क्लिपा लागल्या का बघा. बॅटरी जोडा, आधी लाल, मग काळी.

गाडी चालू करून दहा मिनिटं तशीच फिरू द्या, ॲक्सिलरेटर न दाबता. सुरुवातीला थोडी वाफ निघेल, ती उरलेल्या ओलीची असते. बॅटरी काढलेली असल्यानं पहिली काही मिनिटं फेरे जरा कमीजास्त होतात, ते स्थिरावतात. पण इंजिन थरथरलं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर लगेच बंद करा आणि आणखी वाळू द्या. तशीच दामटली तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

इतकं सगळं वर्षातून एकदा पुरतं. मधल्या काळात दर महिन्याला दहा मिनिटं कोरडं फडकं, पातळ्या आणि वायपरखालची पानं एवढं बघते. समुद्राच्या अगदी काठावर, गुहागरसारख्या ठिकाणी राहत असाल तर बॅटरीची टोकं दर तीन महिन्यांनी.

संध्याकाळी इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी उजेडात बघा. आदल्या रात्री एसी चालला असेल तर डावीकडे साध्या पाण्याचा गोल येतो, त्याची काळजी नको. काळपट-तपकिरी, बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा, गुलाबी किंवा हिरवा कुलंटचा, चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर पातळ डाग ब्रेक ऑइलचा. डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारून शेजारी तारीख घालते आणि पुठ्ठा गॅरेजच्या भिंतीला उभा करून ठेवते. पुढच्या महिन्यात तोच पुठ्ठा त्याच जागी घातला की रेघेच्या बाहेर काही गेलंय का ते लगेच दिसतं.